उजनीसाठी कयाक कशाची?

उजनी धरणाच्या फुगवट्यावर कयाक आणायच्या, तर प्लास्टिकच्या घ्याव्यात की फायबरच्या, हा प्रश्न फक्त किमतीचा नाही.

वेगाच्या बाजूने फायबर आणि कार्बनचा दावा बळकट आहे. शर्यतीच्या एकेरी कयाकला लांबी जास्तीत जास्त ५.२ मीटर आणि वजन किमान १२ किलो असा नियम आहे. त्या लांबीची प्लास्टिकची कयाक सहज दुपटीहून जड भरते. हलकी होडी पाण्यात कमी बुडते, त्यामुळे घर्षण कमी होते. ताठ तळ दबत नाही, म्हणून वल्ह्याचा जोर वाया जात नाही. पण रमतगमत वल्हवताना माणसाच्या सत्तर किलोंपुढे होडीचे जास्तीचे दहा किलो फारसे जाणवत नाहीत. तिथे लांबी-रुंदीच महत्त्वाची. लांब, निमुळती प्लास्टिकची कयाक आखूड, पसरट फायबरला मागे टाकेल.

आता उजनीचे पाणी पाहा. उन्हाळ्यात ते इतके ओसरते की पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते. काठाला दगड, बाभळीचे बुंधे, जुन्या भिंती. तिथे फायबरला तडा जातो, प्लास्टिकचे ओरखड्यावर भागते. मात्र फायबरला रेझिन लावून ठिगळ मारता येते, फाटलेल्या प्लास्टिकला साधा गोंद धरत नाही. शिवाय सोलापूरच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात आवळून बांधलेल्या प्लास्टिकच्या तळाला पोचे पडतात आणि होडी ओढ खाते. सावलीची शेड हा खर्च त्यात धरलाच पाहिजे.

२१ मे २०२४ रोजी उजनीतल्याच कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर इथे नुसत्या वेगाची चर्चा करणे मला पटत नाही. रिकामी, हलकी होडी वारा अधिक ढकलतो, हे खरे. पण पाणी भरल्यावर फायबर स्वतःहून तरंगत नाही, आणि प्लास्टिक तरंगले तरी माणसाला पेलण्याइतके नाही. पुढे-मागे हवाबंद कप्पे आणि अंगात लाइफ जॅकेट दोन्हींत हवेच.

म्हणून शिकणाऱ्यांसाठी आणि पर्यटकांसाठी उजनीवर चार मीटरच्या आसपासच्या प्लास्टिकच्या कयाक घ्याव्यात, हे माझे मत. शर्यतीत उतरू पाहणाऱ्या मुलांना पसरट होडीवर तोल साधायची सवय लागत नाही. त्यांच्यासाठी एक-दोन फायबरच्या ठेवाव्यात, त्याही सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर, जिथे शहरातल्या मुलांना रोज पोचता येईल.