कमिशन घ्या, पण लिंकच्या शेजारी सांगून

मिक्सर कोणता घ्यावा, पाणी शुद्ध करणारे कोणते यंत्र टिकाऊ, असा शोध इंटरनेटवर घेतला की आता मराठीतही भरपूर लेख समोर येतात. अनेक लेखांत प्रत्येक वस्तूखाली खरेदीची लिंक असते. ती दाबली की लेख लिहिणाऱ्याची सांकेतिक खूण वाचकासोबत दुकानाच्या वेबसाइटवर पोहोचते आणि ठरावीक मुदतीत खरेदी झाली, तर रकमेतला काही टक्के वाटा त्या लेखकाला मिळतो. ॲमेझॉनने ही योजना १९९६ मध्ये सुरू केली. तिथे ही मुदत सर्वसाधारणपणे २४ तासांची असते. या कमाईत गैर काहीच नाही. वस्तू वापरून, तपासून, खपून लिहिणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, आणि वाचक वर्गणी देत नसेल तर तो मोबदला कुठून तरी यायला हवा. मात्र ते कमिशन वाचकाला लिंक दाबण्याआधी, त्याच जागी, त्याच्याच भाषेत आणि पूर्ण वाक्यात सांगितले गेले पाहिजे. पानाच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत टाकलेल्या ओळीने ते काम होत नाही.

दलालीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. बाजार समित्यांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. उघड लिलाव आले आणि विक्रीच्या हिशेबपट्टीवर अडत, हमाली, तोलाई वेगवेगळी दिसू लागली, तेव्हा निदान कोण किती घेतो हे शेतकऱ्याला कळले. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. ती अडत कोणी सोसावी यावर वाद घालता आला, कारण ती डोळ्यांसमोर होती. ऑनलाइन शिफारशींच्या बाजारात वाचकाला अजून ही पट्टीच मिळालेली नाही.

कायदा याबाबत मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यात ग्राहकाला सहज न कळणारा आर्थिक संबंध असेल, तर तो जाहीर करणे त्यांनुसार बंधनकारक आहे. खुलासा ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत हवा, असेही ती सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत होऊ शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या डिजिटल क्लृप्त्यांची जी तेरा प्रकारांची यादी निघाली, तिच्यात वेश बदलून आलेल्या जाहिरातीचाही समावेश आहे. पण खुलाशाचे शब्द कोणते, ते कुठे आणि कोणासाठी लिहिले आहेत, हा प्रश्न नियमाच्या अक्षरापलीकडचा आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यूट्यूबवरचे सुमारे पाच लाख व्हिडिओ आणि पिंटरेस्टवरच्या एकवीस लाख नोंदी तपासल्या. कमिशनच्या लिंक असलेल्या मजकुरापैकी जेमतेम दहा टक्क्यांत कोणता तरी खुलासा होता. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आहे: ‘ॲफिलिएट लिंक’ एवढेच लिहिले तर पाहणाऱ्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता, ‘तुम्ही इथून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळते’ असे स्पष्ट सांगितले तेव्हाच तो पोहोचत होता. नेमका हाच प्रकार सर्वांत कमी आढळला. इंग्रजी सरावाच्या वाचकांची ही स्थिती असेल, तर मराठी लेखाखाली टाकलेल्या इंग्रजी शब्दाचा उपयोग किती, हे वेगळे सांगायला नको.

यावर नेहमी येणारे उत्तर असे की, वाचकाला वस्तू त्याच किमतीत मिळते, मग त्याचे नुकसान काय? किंमत तीच राहते हे बहुतेक वेळा खरे आहे, पण निवड तीच राहत नाही. कमिशन टक्क्यांत असते, म्हणून महागड्या वस्तूची शिफारस जास्त पैसे देते. वस्तूंच्या प्रकारानुसार दर बदलतात. आणि ज्या वस्तूला लिंकच नाही, ती यादीत येण्याचे कारणच उरत नाही: गावातल्या दुकानातला दुरुस्तीसह मिळणारा पंखा असो की मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेची सामूहिक खरेदी. गाद्या विकणाऱ्या कॅस्पर या अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये गाद्यांची परीक्षणे लिहिणाऱ्या तीन वेबसाइटवर दावे लावले. पुढे त्यांपैकी एक साइट विकली गेली, तेव्हा खरेदीदाराला कॅस्परनेच कर्ज दिले. त्यानंतर तिथला कॅस्परबद्दलचा सूर अनुकूल झाल्याचे ‘फास्ट कंपनी’ने २०१७ मध्ये सविस्तर मांडले. किंमत न बदलताही परीक्षणाची तागडी कशी झुकू शकते, ते यातून दिसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो सचोटीच्या बाजूने येतो. केन, लोवेनस्टाइन आणि मूर या संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बरणीतल्या नाण्यांची एकूण किंमत काही लोकांनी दुरून ओळखायची होती, त्यांना सल्ला देणाऱ्यांना मात्र बरणी जवळून पाहता येत होती; अंदाज जितका चढा, तितके सल्लागाराचे पैसे वाढणार होते. हा हितसंबंध उघड केल्यावर सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले. ऐकणाऱ्यांनी त्यातून थोडे वजा केले, पण पुरेसे नाही. म्हणजे ‘मी सांगितले आहे ना’ ही भावनाच माणसाला सैल करू शकते. हा निष्कर्ष मला पटतो, आणि म्हणूनच खुलासा ही पहिली पायरी मानावी, शेवटची नव्हे. ‘वायरकटर’ ही २०११ मध्ये सुरू झालेली परीक्षणांची साइट प्रामुख्याने कमिशनवर वाढली. २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती सुमारे तीन कोटी डॉलरना घेतली. लेखाच्या माथ्यावरच ती कमिशनची गोष्ट सांगते, आणि शिफारस ठरेपर्यंत कमिशनच्या करारांची माहिती लेखकांना दिली जात नाही, असे तिचे जाहीर धोरण आहे. खुलासा केला की वाचक पळतो, ही भीती या उदाहरणापुढे टिकत नाही.

एकट्याने चालवलेल्या मराठी साइटला लेखक आणि हिशेब असे वेगळे करता येणार नाहीत, हे मान्य. तिथे दुसरे उपाय आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. वस्तू स्वतः वापरली की केवळ कंपनीची माहिती वाचली, ते लिहावे. पहिल्या क्रमांकाचे कारण द्यावे, दोषही सांगावेत. कमिशन न देणारा पर्याय चांगला असेल तर तो त्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत घ्यावा. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही आता अशा खरेदीच्या याद्या येतात. तिथे ही जबाबदारी अधिक आहे, कारण २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांनी मराठी वाचकाच्या विश्वासाला तडा दिला होता. छापील पानावर जाहिरातीला चौकट आणि ‘जाहिरात’ हा शब्द लागतो. मोबाइलच्या पडद्यावर लिंकच्या वरच्या ओळीत ‘या खरेदीतून आम्हाला कमिशन मिळते’ एवढे लिहिण्याचा निर्णय संपादक आजच घेऊ शकतात.