निर्भयतेची पहिली शाळा

राजकारणाचे दिवस बिकट आले म्हणजे वडील माणसें मुलांस सांगतात, “गप्प बसा.” हा सल्ला मायेचा खरा, पण हिताचा नाहीं. जून १९७५ मध्यें देशांत आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आलें, विरोधक तुरुंगांत गेले. ६५ वर्षांच्या दुर्गाबाई भागवत यांस तेव्हां वयाचें निमित्त सांगून गप्प बसतां आलें असतें. परंतु त्याच वर्षीं कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनांत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री असतांहि, अध्यक्षा या नात्यानें त्यांनीं लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणें मांडली. पुढें त्यांना कारावास घडला. मार्च १९७७ मध्यें मतदारांनींच तें सरकार दूर केलें.

पालकहो, मुलांदेखत कुजबुजूं नका. द्वेष टाळून मोकळेपणें बोला. मूल भीति घरींच शिकतें, आणि निर्भयताहि.