कातळशिल्पांच्या नोंदीत एक रकाना वाढवा

मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई

कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ. आनंद आहेच. आता कुंपणं येतील, फलक येतील, आणि माझी धास्ती तिथूनच सुरू होते.

ही शिल्पं शोधायला सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांनी जांभ्याचे सडे तुडवले, त्याचं श्रेय त्यांना मिळालं ते रास्तच. पण त्यांना वाट दाखवणारे होते गुराखी, शेतकरी, आजोबांना विचारून आलेली शाळकरी पोरं. काही शिल्पं तर गावाला कधी हरवलीच नव्हती. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ जांभ्यात कोरलेला चौकोनी पट आहे. देवीच्या यात्रेत त्याला मान आहे. उद्या तिथे ‘स्पर्श करू नये’ अशी पाटी लागली, तर हा मान कोणाच्या परवानगीने द्यायचा?

उक्षीला हत्तीच्या शिल्पाभोवती गावाच्याच पुढाकाराने चिऱ्यांचा कठडा उभा राहिला. म्हणजे राखणं लोकांना कळतं. सडा बहुतेक ठिकाणी खासगी मालकीचा. त्यावर गवत कापलं जातं, गुरं चरतात, चिरेखाणीला जमीन दिली तर पैसा मिळतो. असं असताना जो शेतकरी शिल्पाला धक्का लावत नाही, तो तुमचा बिनपगारी पहारेकरीच.

१९६०च्या राज्य कायद्यानुसार स्मारक संरक्षित करण्याआधी अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात. कायद्यात गावकऱ्याला जागा आहे ती हरकतदार म्हणून. जाणकार म्हणून नाही. बारसूच्या सड्यावर दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस कोरलाय. त्याचा अर्थ अभ्यासक लावतील, लावू द्या. पांडवांनी एका रात्रीत हे कोरलं असं कोणी सांगितलं तर ते कालनिर्णयात धरू नका. पण त्या गोष्टीपायी चिरेखाणीची पहार तिथून वळसा घालून गेली असेल, तर ती गोष्टही जतनाच्या इतिहासात लिहायला हवी.

म्हणून विनंती: प्रत्येक स्थळाच्या नोंदीत एक रकाना वाढवा. पहिल्यांदा कोणी दाखवलं, गावात याला काय म्हणतात, इथे कोणती वहिवाट चालते. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचं नावही लिहा. कुंपणाचा आराखडा आधी ग्रामसभेत मांडा, मग मंत्रालयात. आणि ती सभा लावणीच्या दिवसांत ठेवू नका. कोणी येणार नाही आणि ‘हरकत नाही’ असा शेरा मात्र पडेल.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक रहिवासी