पथ्याचा डबा

१९६४ मध्ये मिग विमानांच्या बांधणीसाठी ओझर येथे कारखाना उभा राहिला आणि निफाड तालुक्यातील या शेतीप्रधान गावाची दिनचर्या पाळ्यांच्या घड्याळाशी जोडली गेली. परिसरातील चिकित्सालयांत आज कामगार, कारकून, दुकानातील नोकर असे अम्लपित्ताचे रुग्ण नित्य येतात. आपण त्यांस सूतशेखर, अविपत्तिकर देतो, ‘तिखट-आंबट वर्ज्य’ असे बजावतो आणि पुढील रुग्णास बोलावतो. तो दुपारी कोठे जेवतो, त्यास काय खर्च येतो, हे क्वचितच विचारले जाते.

वस्तुतः रुग्णास पथ्यापेक्षा हिशेब लवकर पटतो. मिसळ, वडापाव व दोन चहा यांवर रोज ८० रुपये जातात आणि घरच्या डब्याचा शिधा ३० रुपयांत होतो असे धरले, तर कामाच्या २५ दिवसांत १२५० रुपये वाचतात. त्याचे महिन्याचे औषध बहुधा यातच निघेल.

मात्र घरचा तो पथ्यकर, असे सरसकट म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात उष्ण, स्निग्ध व मात्रावत् भोजनाचा विधी आहे. पहाटे पाचला भरलेला डबा साडेबाराला उघडतो, तेथे उष्णतेचा नियम मोडतोच. त्यात रात्रीची उरलेली भाजी, दही आणि लोणचे असेल तर मिसळीने काय वाईट केले? म्हणून थंड झाल्यावरही निभावणारे पदार्थ सुचवावेत. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी आपल्याकडे प्रवासासाठी पूर्वापार बांधून देत, ती मऊ राहते. सोबत तूप-जिऱ्याची दुधी किंवा पडवळाची भाजी, मुगाची सौम्य उसळ, मधल्या भुकेस साळीच्या लाह्या. थंडीत बाजरी गोड लागते हे खरे, पण अम्लपित्तात ज्वारीच बरी.

डबा खायला जागाही हवी. १९४८ च्या कारखाने कायद्याने दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, आणलेले जेवण खाण्यासाठी पिण्याच्या पाण्यासह भोजनकक्षाची तरतूद केली. लहान दुकानातील नोकर गिऱ्हाईक सांभाळत, गल्ल्यामागे उभ्यानेच घास घेतो. त्यास ‘स्वस्थ चित्ताने जेवा’ सांगताना आम्हांस संकोच वाटतो.

आणि डबा करते कोण? पहिल्या पाळीसाठी गृहिणी चारला उठते. बचतीच्या हिशेबात तिची झोप कोणी धरत नाही, आणि पुढे निद्रानाश व शिरःशूल घेऊन तीच आपल्याकडे येते. मूग भिजवणे, भाजी निवडणे ही कामे रुग्णाने आदल्या रात्री स्वतः करावीत, हेही आपणच सांगितले पाहिजे.

यामुळे चूर्णांचा खप घटेल, अशी शंका काही औषधालयचालक बंधू घेतात. कदाचित घटेलही. परंतु पथ्यावाचून औषध निष्फळ ठरले की दोष शास्त्राला लागतो, ते नुकसान मोठे. लाह्या, सैंधव, गायीचे तूप हे जिन्नस औषधालयाच्या फळीवर सहज शोभतील. आम्ही आमच्या औषधचिठ्ठीवर ‘दुपारचा डबा’ असा रकाना छापून घेतला आहे. व्यवसायबंधूंनीही तो वापरून पाहावा व आपला अनुभव कळवावा.