पाच तारे, पण बाळ मांडीवर

दसऱ्याला किंवा पाडव्याला गाड्यांच्या शोरूममध्ये डोकावलं की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं, "फाइव्ह स्टार आहे, मॅडम." पूर्वी आपल्याकडे गाडी घेताना दोनच प्रश्न असायचे, ॲव्हरेज किती आणि रंग कोणता. आता सांगलीतल्या बायकासुद्धा गाडीला तारे किती, हे विचारू लागल्या आहेत. मला तर याचं कौतुकच वाटतं. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' नावाची चाचणी सुरू झाली. कंपनीने गाडी चाचणीला दिली की ती ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने अडथळ्यावर आदळवतात, आत बाहुले बसवलेले असतात, आणि त्या बाहुल्यांना किती मार बसला यावरून तारे ठरतात.

इथपर्यंत बहुतेकींना ठाऊक असतं. पण मैत्रिणींनो, तारे दोन प्रकारचे असतात हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. मोठ्या माणसांचे वेगळे, मुलांचे वेगळे. मुलांच्या ताऱ्यांसाठी ४९ गुणांचा हिशेब असतो. त्या चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या आकाराचे बाहुले ठेवतात. ते कुठे ठेवतात? मागच्या सीटवर, लहान मुलांच्या खास खुर्चीत, म्हणजे 'चाइल्ड सीट'मध्ये, पट्ट्यांनी नीट बांधून. अशी खुर्ची त्या गाडीत किती नीट बसते, यालाही वेगळे गुण आहेत. आईच्या मांडीवर बाहुला ठेवून कुणी चाचणी घेत नाही, कारण त्याचा निकाल काय लागेल हे सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे आपण काय करतो बघा. दहा-बारा लाखांची गाडी घेतो, तिला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, पेढे वाटतो. मग गाडी मालक चालवायला बसतो, शेजारी त्याची बायको, तिच्या मांडीवर वर्षाचं बाळ. मुलांसाठीचे पाच तारे त्या क्षणी गाडीतून उतरून गेलेले असतात. ते तारे खुर्चीत बसलेल्या मुलाचे होते.

"आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही," असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. घरात ते खरंच आहे, हमरस्त्यावर नाही. शाळेतलं गणित थोडं आठवा. ताशी ५० च्या वेगाने जाणारी गाडी एकदम थडकली तर आतल्या माणसाच्या दृष्टीने ते सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं असतं. ताशी ८० ला तीच उंची पंचवीस मीटर होते. आणि कऱ्हाडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की कोण हो ८० वर थांबतं? गाडी अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत थांबली, तर ५० च्या वेगालासुद्धा दहा किलोचं बाळ हातातून सुटताना दीड-दोन क्विंटलचा जोर लावतं. साखर कारखान्याच्या आपल्या भागात हे सांगायला सोपं आहे. साखरेची तीन-चार पोती एकदम हातातून ओढली गेली तर कोणती आई ती धरून ठेवील? इथे मायेचा प्रश्नच येत नाही, हाताला तेवढं बळच नसतं. त्यात आईने स्वतः बेल्ट लावला नसेल तर तिचं सगळं वजन बाळावर येतं, आणि बाळ तिच्या आणि डॅशबोर्डच्या मधे सापडतं. एकाच बेल्टमध्ये आई आणि बाळ दोघांना गुंडाळायची युक्ती काही जणी करतात. ती तर कधीही करू नका, आईच्या वजनाने बेल्ट बाळाच्याच पोटात रुततो.

त्यात आता एअरबॅग आल्या. २०२२ पासून नव्या गाड्यांत पुढे दोन्ही बाजूंना एअरबॅग असतेच. मोठ्या माणसाने बेल्ट लावलेला असेल तर ती जीव वाचवते. पण ती डोळ्याचं पातं लवायच्या आत, प्रचंड जोराने बाहेर येते आणि मोठ्यांच्या छातीच्या अंदाजाने येते. तिथे मुलाचं डोकं असतं. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. पुढे चाललेली गाडी दुभाजकावर आदळली, तिचा मागचा भाग उसळून मागून येणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर पडला, एअरबॅग उघडली, आणि पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा त्या धक्क्याने गेला. गाडीतली बाकीची माणसं किरकोळ जखमांवर निभावली. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर, पुढच्याच सीटवर बसलेली दोन वर्षांची मुलगी अशीच गेली. दोन्हीकडे आईवडिलांनी मुलाला हौसेने पुढे घेतलं होतं. आपण सगळेच घेतो की. "पुढे बसायचंय" म्हणून मूल हट्ट धरतं आणि आजोबा म्हणतात, बसू दे गं, कुठे लांब जायचंय!

केरळातल्या घटनेनंतर तिथल्या परिवहन आयुक्तांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, की चार वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट आणि त्यापुढच्या, पण उंचीने लहान मुलांना बूस्टर सक्तीचं करणार, नाही तर दंड. लगेच ओरड झाली, आणि परिवहन मंत्र्यांनीच सक्ती करणार नाही असं सांगून टाकलं. गंमत अशी, की कायदा मुळात देशभर आधीच आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्या कलम १९४ ब मध्ये म्हटलं आहे, की चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा बालकांच्या खास सीटने बांधलेलं नसेल तर गाडी चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. सप्टेंबर २०१९ पासून हे कलम लागू आहे. आनेवाडी आणि तासवडे, दोन्ही टोलनाक्यांवरून मी कितीदा गेले असेन, मांडीवर मूल आहे म्हणून गाडी थांबवलेली मी एकदाही पाहिली नाही. चालकाने बेल्ट लावलाय का, हे बघतात. मागे काय चाललंय याकडे कुणाचं लक्ष नसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट नव्हता, तेव्हा चार दिवस मागच्या बेल्टची चर्चा झाली. मग ती विरली. मुलांची चर्चा तर तेव्हाही झाली नव्हती.

कायद्यातली एक फट मला खटकते. तो 'बेल्ट किंवा सीट' म्हणतो, पण कुठल्या वयाला काय, हे या कलमात नाही. वर्षाच्या बाळाला मोठ्यांचा बेल्ट लावणार कसा? सात वर्षांच्या मुलालासुद्धा तो खांद्याऐवजी मानेवरून जातो आणि मांडीऐवजी पोटावर बसतो. तेव्हा हे आपल्यालाच समजून घ्यावं लागतं, आणि बाजारात गेल्यावर तर फारच. कारण तिथे 'जन्मापासून बारा वर्षांपर्यंत' असं लिहिलेली एकच सीट दाखवून मोकळे होतात.

सीट वयावरून घ्यायची नसते, ती वजनावरून आणि उंचीवरून घ्यायची असते. लसीकरणाच्या कार्डावर आपल्या बाळाचं वजन लिहिलेलं असतंच, ते घेऊनच दुकानात जा. तेरा किलोपर्यंतच्या बाळासाठी जी सीट असते तिच्यात बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असतं. हे पाहून आपल्याकडच्या सासवा हमखास हसतात, "पोराला पाठमोरं बसवलंय!" पण कारण समजून घ्या. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. गाडी समोरून थडकली की सरळ बसलेल्या बाळाचं डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोरं असलं की तोच धक्का सीटची पाठ झेलते, डोकं-मान-पाठ एका ओळीत राहतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं, की सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत पाठमोरंच बसवा. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत बसवतात. पाय आखडतात म्हणून घाई करू नका. मुलं मांडी घालून मजेत बसतात.

पाठमोरी सीट पुढे, एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. सीट मागेच लावायची.

त्यानंतर समोर तोंड असलेली, पाच पट्ट्यांची सीट. एकच सीट आधी पाठमोरी आणि नंतर सरळ करता येते, अशीही मिळते. दोन खर्च परवडत नसतील तर तीच घ्यावी, फक्त तान्ह्या बाळाला ती पुरेशी तिरकी होते का ते बघावं. मग मूल पट्ट्यांच्या सीटमध्ये मावेनासं झालं की बूस्टर. बूस्टर म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, जिच्यामुळे गाडीचाच बेल्ट योग्य जागी येतो. मोठ्या मुलांचे आईबाप इथेच फसतात. "पहिलीत गेला आता, कशाला खुर्ची?" इयत्ता बघू नका, उंची बघा. साधारण साडेचार-पावणेपाच फूट होईपर्यंत बूस्टर लागतं. पाठ सीटला टेकून गुडघे कडेवर दुमडतात का, खालचा पट्टा मांड्यांवर आणि वरचा खांद्याच्या मधोमध येतो का, एवढं बघितलं की कळतं.

विकत घेताना सीटवर प्रमाणपत्राचं लेबल शोधा. आपल्याकडचं एआयएस ०७२, किंवा युरोपचं आर ४४ किंवा आर १२९, ज्यावर गोलात 'ई' अक्षर आणि आकडा असतो. काहीच नसेल आणि नुसतं कार्टून असेल तर ती उशी समजा. बहुतेक नव्या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या असतात, तिथे सीट टचकन बसते. जुन्या गाडीत बेल्टनेही ती घट्ट बांधता येते, आयसोफिक्स नाही म्हणून नाद सोडायचं कारण नाही. बांधल्यावर जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा, एक इंचाहून जास्त हलता कामा नये. पट्टा बाळाच्या खांद्यावर चिमटीत येत असेल तर तो सैल आहे. महाबळेश्वरला निघालात तर जाड स्वेटर आणि दुपटं पट्ट्यांच्या आत नको, शाल वरून घाला. आणि दीड-दोन तासांनी गाडी थांबवून बाळाला बाहेर काढा. सांगलीहून साताऱ्याला जाताना कऱ्हाडला चहा होतोच, तेवढ्यात बाळाची पाठही मोकळी होते.

पैशांचं म्हणाल तर साधी सीट पाच-सहा हजारांपासून मिळते, बाहेरच्या कंपन्यांच्या वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातात. पहिल्या वाढदिवसाचा हॉल, फुग्यांची कमान आणि केक यांचा हिशेब मी इथे काढत नाही, तुम्हीच काढा. मला वाटतं, खरी अडचण पैशांची नसतेच, जागेची असते. पाचजणांच्या गाडीत सातजण बसवून मांढरदेवला नाही तर पालीच्या खंडोबाला जायचं ही आपली रीत. एक सीट लावली की एक नणंद नाही तर एक मामा घरी राहतो, आणि ते कोण सांगणार? घरातली सून तर नक्कीच नाही. म्हणून हा विषय मी सासवांसमोर आणि गाडी चालवणाऱ्या पुरुषांसमोर जास्त बोलते.

आणखी एक पाहते. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाऊन आलेल्या आज्या कौतुकाने सांगतात, तिकडे सीटशिवाय बाळाला दवाखान्यातून घरी नेऊ देत नाहीत. तेच नातवंड सुट्टीत इकडे आलं की पुण्याच्या विमानतळापासून साताऱ्यापर्यंत, खंबाटकी घाटासकट, त्याच आजीच्या मांडीवर येतं. तिकडे दंडाचा धाक होता म्हणून सीट होती, असं त्या लेकराला वाटलं तर नवल नाही.

अर्थात आपल्या गावांतली बहुतेक मुलं चारचाकीत नाही, दुचाकीवर आईबापांच्या मधे असतात. त्यांच्यासाठीही फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम केला, जो वर्षभराने लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. मुलांच्या मापाचं हेल्मेट आपल्या छोट्या गावात मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण मागणी केल्याशिवाय दुकानदार तरी कशाला ठेवील?

आमच्या महिला मंडळात कार्यासाठी मोठी पातेली, सतरंज्या भाड्याने द्यायची जुनी सोय आहे. त्यात आता तान्ह्या बाळाच्या दोन सीट घेतल्या. तान्ह्यांची सीट वर्ष-सव्वा वर्षच लागते, मग ती माळ्यावर जाते, तेव्हा चार घरांत फिरली तर काय बिघडलं? बाळंतीण माहेरी जाताना, दवाखान्यातून घरी येताना भाड्याच्या गाडीतही ती लावता येते. पातेल्यांच्या वहीतच आम्ही वेगळं पान केलं आहे. कुणी नेली, कधी आणली, कुठला पट्टा उसवला, सीटवर छापलेली मुदत कधी संपते. शेवटच्या रकान्यात गाडीला कुठे धडक बसली होती का, ते लिहायचं, अगदी बाळाला काही झालेलं नसलं तरी. तशी धडक बसलेली सीट बाहेरून धड दिसली तरी परत कुणाला द्यायची नाही, भंगारात द्यायची. एकीने विचारलं, "अहो पण चांगली दिसतेय की, एवढे पैसे घातलेत." अध्यक्षबाईंनी तिथेच कात्री मागवली आणि सगळ्यांसमोर तिचे पट्टे कापले.