पुस्तक 'उपलब्ध' आहे, पण कोणासाठी?

वाचकहो, आज आमच्याच हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो. दुसऱ्याच्या चुका सांगणे सोपे असते. पण ज्या चुकीची किंमत आपल्याच वस्तीतल्या एका लेकीने मोजली, ती लपवून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही.

आम्ही एका महाविद्यालयाच्या कार्यालयात कारकून आहोत. २०१८ सालच्या जुलै महिन्यात आमच्या टेबलावर एक अर्ज आला. अर्ज करणारी मुलगी जन्मापासून अंध. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील हमालीला जातात. मुलीने बारावी पास होऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला होता. अर्जात तिने एवढेच मागितले होते की, नेमलेली पुस्तके मला वाचता येतील अशा स्वरूपात मिळावीत.

आम्ही अर्जावर आवक क्रमांक टाकला. ग्रंथालयात विचारले. पुस्तके कपाटात होती. मग आम्ही शेरा मारला, 'सदर पुस्तके ग्रंथालयात उपलब्ध आहेत.' साहेबांची सही झाली, कागद फाईलला लागला. कार्यालयाच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघाले.

आठ दिवसांनी संध्याकाळी तिची आई लेकीचा हात धरून आमच्या दारात आली. म्हणाली, "भाऊ, पुस्तक कपाटात हाय असं तुम्ही लिवून दिलं. पर तिला त्याचा काय उपेग? मला वाचता येत न्हाई, तिचा बा रात्री दहाला येतो. वाचून दाखवायचं कुनी?"

मुलगी हळूच म्हणाली, "काका, मी पुस्तक आणलं होतं. पानावर हात फिरवला तर पान नुसतं गुळगुळीत लागतं."

आम्ही खाली मान घातली. आम्ही लिहिलेला शेरा खोटा नव्हता, पण खराही नव्हता. पुस्तक उपलब्ध होते ते डोळे असणाऱ्यांना. त्यानंतर आम्ही धावपळ केली, शेजारच्या मुलांना वाचून दाखवायला बसवले, मोबाईलवर पाने रेकॉर्ड करून घेतली. तरी इतिहासाचे पुस्तक पूर्ण व्हायला नोव्हेंबर उजाडला. परीक्षा ऑक्टोबरातच होऊन गेली होती. त्या पेपरात ती नापास झाली. लोक म्हणाले, 'बिचारी आंधळी, जमले नसेल.' कोणी असे म्हटले नाही की कारकुनाला जमले नाही. म्हणून ते आज आम्ही म्हणतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिव्यांग विद्यार्थ्याला शिकवायचे म्हणजे त्याच्यावर दया करायची, असा पुष्कळांचा समज आहे. हा समज चुकीचा आहे. ही कामाच्या व्यवस्थेची गोष्ट आहे. यादी, तारीख आणि नोंदवही यांची गोष्ट आहे. आम्ही बी.कॉम. झालेले माणूस, जमाखर्च आम्हाला कळतो. ज्या दिवशी वर्गातल्या इतरांच्या हातात पुस्तक पडते, त्याच दिवशी ते या विद्यार्थ्याच्या हातात पडले नाही, तर तेवढे दिवस त्याच्या खात्यावर उधारी चढत जाते. परीक्षेच्या दिवशी ती वसूल होते.

अंध माणसाच्या हाती पुस्तक कसे आले, याचा इतिहास आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे. लुई ब्रेल हा फ्रान्समधला मुलगा, जन्म १८०९ सालचा. बाप घोड्यांचे खोगीर आणि चामडी साज बनवणारा कारागीर. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानात आरीशी खेळताना त्याच्या डोळ्याला इजा झाली, पुढे दोन्ही डोळे गेले. हाच मुलगा पुढे पॅरिसच्या अंधशाळेत शिकला आणि कागदावर टोचून उठवलेल्या सहा टिंबांची लिपी त्याने तयार केली. १८२९ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्या देशात १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरवण्यात आली आणि मराठीही त्या टिंबांत लिहिता येऊ लागली. कष्टकऱ्याच्या घरातल्या अंध मुलाने जगभरच्या अंधांना अक्षर दिले.

परंतु ब्रेल पुस्तक जाडजूड होते, छापायला वेळ लागतो, आणि विद्यापीठाची पुस्तके दर काही वर्षांनी बदलतात. म्हणून आज महाविद्यालयीन विद्यार्थी बहुधा संगणक आणि मोबाईलवर वाचतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली असते, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. एनव्हीडीए नावाची अशी प्रणाली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ पासून विकसित केली. ती फुकट मिळते आणि मराठीही वाचते. बहुतेक मोबाईलमध्येही अशी सोय आधीपासून असते.

मग अडते कुठे? तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण स्कॅनची. पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो काढून त्यांची पीडीएफ केली तर ती स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. त्याच्या लेखी ते कोरे चित्र. २०२० साली टाळेबंदीत शिक्षक हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो मोबाईलवर पाठवत होते. आमच्या या मुलीचा मोबाईल दर वेळी फक्त 'फोटो' एवढेच बोलायचा.

दुसरी अडचण फॉन्टची. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर वरून मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. स्क्रीन रीडर आतले वाचतो, म्हणून तो काहीतरी अगम्य बडबडतो. युनिकोडमध्ये टाईप केले की तोच मजकूर स्वच्छ मराठीत ऐकू येतो. म्हणजे टाईप करणाऱ्या एका कारकुनाने योग्य फॉन्ट निवडला तर एका विद्यार्थ्याचे वर्ष वाचते.

तिसरी अडचण नकाशे, आलेख आणि तक्ते यांची. चित्रात काय आहे ते कोणीतरी शब्दांत लिहून द्यावे लागते. हे काम त्या विषयाच्या जाणकारानेच केले पाहिजे.

आणि अंध विद्यार्थी म्हणजेच सर्व दिव्यांग असेही नाही. ज्याला कमी दिसते त्याला ब्रेल नको, मोठा ठळक टाईप हवा. ज्याला ऐकू येत नाही त्याला शिक्षकाचे व्याख्यान लिहून हवे, चित्रफितीखाली अक्षरे हवीत. ज्याचे हात चालत नाहीत त्याला पान उलटता येत नाही, त्याला संगणकावरची प्रत हवी. म्हणून पहिले काम एकच, विद्यार्थ्यालाच विचारा, 'तू कसे वाचतोस?' आम्ही २०१८ साली हेच विचारले नव्हते.

कायद्याचे काय, असे वाचक विचारतील. कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयाची अट ५ वर्षांनी शिथिल आहे. २०१८ च्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, लेखनिक घेण्यास पात्र असलेल्या परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत.

'पुस्तकाची प्रत काढली तर प्रकाशक कोर्टात खेचेल' अशी भीती आमच्या कार्यालयात बोलून दाखवली गेली होती. ती निराधार आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५२ मध्ये स्पष्ट सूट मिळाली आहे. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात, नफा न कमावता, पुस्तकाची प्रत करून देता येते. अट एवढीच की ती प्रत दिव्यांग व्यक्तीनेच वापरावी, बाजारात जाऊ नये. याच विषयावर २०१३ साली मोरोक्को देशातील माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश आपला भारत होता.

आणि अनेकदा पुस्तक नव्याने करावेही लागत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाईन ग्रंथालयात अशी पुस्तके ठेवलेली असतात. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था ब्रेल व बोलक्या पुस्तकांचे काम करते. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. हे सर्व २०१८ साली होते. माहीत नव्हते ते आम्हाला.

ती नापास झाल्यानंतर आम्ही एक साधी नोंदवही उघडली. तिचे रकाने असे : विद्यार्थ्याचे नाव, विषय, पुस्तक, कोणत्या स्वरूपात हवे, मागणीची तारीख, काम कोणाकडे, आणि प्रत हातात पडल्याची तारीख. मे महिन्यात शिक्षकांकडून पुस्तकांची यादी मागून घ्यायची. आधी तयार प्रत कुठे आहे का ते शोधायचे. नसेल तर प्रकाशकाला पत्र लिहून संगणकातील फाईल मागायची. तीही न मिळाली तरच पाने स्कॅन करून त्यातील अक्षरे संगणकाकडून ओळखून घ्यायची. यात मराठीची जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात, सनावळी बदलते. १८४८ चे १८४६ झाले तर मुलगी तेच पाठ करणार. म्हणून एकाने मूळ पुस्तक वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर तपासायचे. आमच्या वस्तीतली कॉलेजची पोरे रविवारी विहाराच्या खोलीत हे काम करायला बसू लागली. दोनशे पानांचे पुस्तक तपासायला त्यांना तीन रविवार लागले. तपासता तपासता त्यांचाही अभ्यास झाला, हा फायदा वेगळाच.

सर्व प्रती वेळेवर झाल्या असे आम्ही म्हणणार नाही. काही शिक्षक यादीच देत नसत, 'बघू' म्हणत. पण शेवटचा रकाना रिकामा दिसला की साहेबांपुढे वही उघडी ठेवता येते. तोंडी विनंती विसरली जाते, रिकामा रकाना विसरता येत नाही.

ज्यांच्या घरी असा विद्यार्थी आहे त्यांनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

१) दिव्यांगतेचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड प्रवेशाच्या आधी काढून ठेवा.

२) प्रवेशाच्या दिवशीच लेखी अर्ज द्या. नुसते 'मदत मिळावी' असे लिहू नका. पुस्तकांची नावे, कोणत्या स्वरूपात हवीत आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा.

३) अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. आम्ही कारकून आहोत म्हणून सांगतो, क्रमांक नसलेला कागद हरवतो.

४) महाविद्यालयात समान संधी कक्ष आहे का ते विचारा. लेखनिकाचा अर्जही परीक्षेच्या तोंडावर नव्हे, आधीच द्या.

५) 'उपलब्ध आहे' असे उत्तर आले तर नम्रपणे विचारा, 'कोणाला उपलब्ध?' उत्तर मिळाले नाही तर प्राचार्यांकडे, मग विद्यापीठाकडे, आणि तिथेही दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तो हक्क कायद्याने दिला आहे.

आणखी एक सांगणे आहे, ते घरच्यांना. मुलगी अंध आहे म्हणून 'तिला शिकवून काय करायचे' असे म्हणणारे आपल्यातही आहेत. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याने तरी आपल्याच घरातल्या एका लेकराला अक्षरापासून दूर ठेवू नये.

ती मुलगी राहिलेला पेपर पुढच्या परीक्षेत सुटली आणि २०२१ साली बी.ए. झाली. निकाल घेऊन ती कार्यालयात आली तेव्हा आम्ही अभिनंदन केले. ती हसून म्हणाली, "काका, एम.ए.ची यादी आणली आहे. वहीत लिहून घ्या."

आम्ही वही उघडली आणि मागणीच्या रकान्यात त्याच दिवसाची तारीख घातली.

जयभीम!