मूठ वळण्याआधी

आमच्या वरणगावात संरक्षण हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक आहे. १९६४ साली इथं ऑर्डनन्स फॅक्टरी आली आणि देशाच्या सैन्याला लागणारी काडतुसं गावात होऊ लागली. अशा गावात उभा जन्म काढून वयाच्या ५२व्या वर्षापर्यंत मला धड मूठ वळता येत नव्हती, हे सांगायला लाज वाटते. पण दिवाळीच्या अंकात वाचकांपाशी खोटं कशाला बोलायचं?

झालं असं, की आमची पुतणी कॉलेजासाठी रोज भुसावळला जाऊ-येऊ लागली. मध्ये एकदा संध्याकाळची गाडी चुकली, घरी यायला रात्र झाली आणि घरादाराचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, "मी कराटे शिकणार. जमलं तर मुष्टियुद्धसुद्धा." जाऊबाईंच्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं. "मुलीच्या जातीला हे काय शोभतं? उद्या नाकाडोळ्याला लागलं तर?" बरीच वादावादी झाली. शेवटी काकूनं सोबत जावं, या अटीवर परवानगी मिळाली.

काकू म्हणजे अर्थात मी. तासभर नुसतं बसून काय करायचं, म्हणून मेथीची जुडी निवडायला घेऊन गेले. चार काड्या निवडून होतात न होतात तोच शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, मेथी घरी निवडा. इथं आलात तर उभ्या राहा."

उभी राहिले. आणि गंमत बघा, पहिला धडा उभं राहण्याचाच निघाला! पावलं खांद्यांइतकी लांब, एक पुढं, एक मागं, गुडघे किंचित सैल, हनुवटी खाली आणि दोन्ही हात गालांपाशी. आपल्या तालमीतले वस्ताद यालाच पवित्रा म्हणतात. मी आपली देवापुढं उभं राहावं तशी दोन्ही पाय जुळवून उभी होते. बाईंनी खांद्याला नुसतं बोट लावलं आणि मी डुलले.

मग मूठ. मी अंगठा आत घेऊन मूठ वळली. "अशा मुठीनं मारलंत तर समोरच्याच्या आधी तुमचाच अंगठा मोडेल," बाई म्हणाल्या. अंगठा बाहेर, पहिल्या दोन बोटांवर आडवा, मनगट सरळ. तरीसुद्धा नवशिक्यानं प्रसंगी मुठीऐवजी तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरावा, कारण बोटांची हाडं नाजूक असतात. कुणी मनगट धरलं तर नुसती ओढाताण करायची नाही. त्याचा अंगठा आणि बोटं जिथं मिळतात तिथं पकड कच्ची असते. त्या बाजूनं हात झटक्यात सोडवायचा आणि पळायचं. होय, पळायचं! समोरच्याच्या हाती सुरा असेल तर सगळी विद्या पायांत. जिंकायचं नाही, घरी पोचायचं, हे बाई दर तासाला बजावत.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, "आता ओरडा. पोटातून. 'दूर हो!'"

मुली ओरडल्या. माझ्या तोंडून आवाजच निघेना. घशाशी काहीतरी अडकलं आणि ३० वर्षांपूर्वीचा गाडीचा डबा डोळ्यांपुढं उभा राहिला. गर्दीत एक हात नको तिथं आला होता. मी अंग चोरलं, पदर ओढून घेतला आणि दोन स्टेशनं खाली मान घालून काढली. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही. त्या दिवशी माझ्या मुठीत बळ नव्हतं असं नाही. परातभर कणीक तिंबणारे हात होते हे. नव्हता तो आवाज. "मुलीनं हळू बोलावं" हे इतक्या लहानपणी अंगी भिनलं होतं की वेळ आली तेव्हा घसा मिटला. आणि हाच धडा मी पुतणीलाही देत आले होते, हे तिथं उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं.

कुणी म्हणेल, ही परकी थेरं. मुळीच नाही. नागपूरकडे जाणारी आमची गाडी पुढं बडनेऱ्याला थांबते. तिथून अमरावती हाकेवर. तिथं वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारलं, आणि १९३६ साली त्यांच्या पथकानं आपले देशी खेळ थेट बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी करून दाखवले. २०२० साली टाळेबंदीत नातवंडांच्या पोटासाठी पुण्याच्या रस्त्यावर लाठी फिरवणाऱ्या ८५ वर्षांच्या शांताबाई पवार साऱ्या देशानं पाहिल्या. जाऊबाईंना मी आणखी एक उदाहरण ऐकवलं. २०१२ साली लंडनला ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचं मुष्टियुद्ध प्रथमच आलं, आणि त्यात कांस्यपदक मिळवणारी आपली मेरी कोम तेव्हा जुळ्या मुलांची आई होती. "नाकडोळे?" "आहेत की जागच्या जागी!"

तरी एक सांगते. आठ दिवसांच्या शिबिरानं कुणी वाघीण होत नाही. उलट खोटा धीर जास्त घातक. हात न सांगता वर यायला महिनोन् महिने तेच ते घोटावं लागतं, पाढ्यांसारखं. कायदाही माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण बचावाला लागेल तेवढाच मार, त्याहून जास्त नाही. आणि ११२ हा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

शेवटची गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. मुलगी ओरडायला शिकली, तरी घरी आल्यावर पहिला प्रश्न "तू तिथं गेलीसच कशाला?" असा आला, तर ती पुढच्या खेपेला गप्पच बसेल. मी गप्प बसले ती याच प्रश्नाच्या भीतीनं.

चौथ्या दिवशी माझा आवाज फुटला. असा फुटला की बाहेर सायकल धरून उभा असलेला दूधवाला आत डोकावला. मुली हसल्या, मीही हसले, पण डोळे भरून आले होते. रात्री यांना ती ३० वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "तेव्हा सांगायचं होतंस."

परवा चकल्या पाडताना जाऊबाईंनी दार जरासं लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "अगं, तो अंगठा आत की बाहेर?"

पिठाचे हात तसेच ठेवून मी त्यांना मूठ वळून दाखवली.